पोचला नाही

जन्मभर प्रोग्राम लिहून पोट भरलं, पण मी नेमकं काय करते हे गोव्यातल्या आमच्या सुर्ल्यात कुणाला कळलं नाही, आणि कळून घ्यायची कुणाला गरजही वाटली नाही. परवाच साखळीला एका लग्नात मी जेवायला बसले होते. पानात सोलकढी वाढून होते न होते तोच मागून एका बाईंचा हात आला आणि त्या हातातला मोबाइल माझ्या भातावर येऊन थांबला. "तूं कॉम्प्युटरांतलें मगो? हाचे फोटो खंय गेले ते पळय मगो." मी म्हटलं, मला मोबाइल दुरुस्त करता येत नाही. बाईंचा चेहरा असा झाला की मी आयुष्यभर लोकांना फसवत आले आणि आज पकडली गेले. पंगतीतला दुसरा एक गृहस्थ म्हणाला, आता प्रोग्राम मशीनच लिहितं म्हणे, मग तुम्ही लोक काय करता? मी त्याला विचारलं, आधी आम्ही काय करत होतो ते तुम्हाला ठाऊक होतं का? तो हसला. मला हसू आलं नाही. साठीच्या जवळ आले तरी या प्रश्नाला मला हसू येत नाही, आणि का येत नाही ते सांगायचं तर मला बाबांच्या ट्रकच्या दिवसांत जावं लागेल.

आमचं घर रस्त्याला लागून होतं. लोहखनिजाच्या खाणीवरून निघालेला ट्रक नदीच्या जेटीकडे जायचा तो आमच्या पडवीसमोरूनच. सकाळी सहाला पहिला ट्रक जायचा, मग एकामागून एक रांगच लागायची, आणि घरातली भांडी कपाटात बारीक आवाज करत राहायची. त्या आवाजाची आम्हाला एवढी सवय होती की पाहुणे का दचकतात ते कळायचं नाही. धूळ मात्र सवयीची झाली नाही. आई जनेल, म्हणजे खिडकी, दिवसातून दोनदा पुसायची, तुळशीची पानं रोज धुवायची, आणि तरी वाळत घातलेला बाबांचा पांढरा शर्ट संध्याकाळी वीटकरी व्हायचा. पाव विकायला येणाऱ्या पोदेराची टोपलीसुद्धा जाड प्लास्टिकने झाकलेली असायची. त्याच्या भोंप्याचा आवाज ट्रकांच्या आवाजातून नेमका ऐकू यायचा, आणि मी हातात डबा घेऊन रस्त्यापर्यंत धावायची. गरम उंडे पाव आणि चहा एवढ्यावर बाबा ट्रक काढायचे.

या सगळ्या गदारोळात एक गोष्ट घड्याळासारखी चालायची, ती म्हणजे दुपार. सव्वाबारा झाले की आमच्या गावचा एकही ट्रक रस्त्यावर दिसायचा नाही. खाण चालू असायची, वजनकाटा उघडा असायचा, जेटीवर मुन्शी बसलेला असायचा, पण ट्रकवाला घरी. ज्याचा ट्रक त्याच्या दारात. एकदम अशी शांतता पडायची की शेजारच्या घरातला डाव हुमणाच्या, माशांच्या आमटीच्या, भांड्यावर आपटलेला ऐकू यायचा. बाबा विहिरीवर हातपाय धुवायचे, पाटावर बसायचे, उकड्या तांदळाचं शीत, सुंगटांचं म्हणजे कोळंबीचं हुमण, सुक्या सुंगटांची किसमूर असं निवांत जेवायचे आणि ओसरीवर आडवे व्हायचे. तीन वाजेपर्यंत त्यांना उठवायची कुणाची टाप नव्हती. हुमण नसलेल्या दिवशी डाळ असायची, पण झोप चुकली असा दिवस मला आठवत नाही. मला वाटायचं, सगळं जग सव्वाबाराला जेवायला घरी जातं.

साखळीला बसने जाऊन मी कॉम्प्युटरचा कोर्स केला. तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जायचं, आणि पडदा लावून थंड हवेत बसायचं. गावातल्यांच्या मते मी टायपिंग शिकत होते. टायपिंगच शिकायचं तर डिचोलीत स्वस्तात शिकवतात, असं आईला किमान चार जणींनी सांगितलं. कोर्स संपला तेव्हा शेजारच्या काकूंनी मिक्सर आणून दिला. "तूं कॉम्प्युटर शिकलां मगो? मागीर आमच्या मिक्सराक कितें जालां तें पळय." मी पाहिला, मला काही कळलं नाही, आणि काकूंनी तो परत नेताना आईकडे अशा नजरेने पाहिलं की आई दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. आता हसण्यावारी नेते, पण तेव्हा मी रडले होते. वीजवाला वेगळा आणि मी वेगळी एवढी साधी गोष्ट कुणी मानायला तयार नव्हतं.

त्याच सुमाराला ट्रकमालकांच्या संघटनेने कॉम्प्युटर घेतला. अध्यक्ष दामूशेट. चार ट्रकांचा मालक, मोठा आवाज, मनाने वाईट माणूस नव्हे, पण आपल्याला सगळं कळतं अशी त्यांची ठाम समजूत. ट्रकांच्या फेऱ्यांची वही गजाननकाका ठेवायचे. ते गावातले जुने कारकून, अक्षर मोत्यासारखं, पण वही एकच आणि भांडणारे शंभर. म्हणून कॉम्प्युटर. तो आणल्याच्या दिवशी दामूशेटांनी नारळ फोडला, आणि दसऱ्याला ट्रकांबरोबर त्यालाही झेंडूची माळ घातली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की पेटी आणली, पण पेटीला फेऱ्या कळत नाहीत. दामूशेट माझ्याबद्दल बाबांना म्हणाले, तुझं चेडूं शिकलंय ना, त्याला पाठव. मी गेले.

इथे थोडं थांबून सांगते, कारण हेच कुणी ऐकून घेत नाही. मी तिथे टायप केलं नाही. मी गजाननकाकांच्या शेजारी दोन महिने लाकडी कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसले आणि त्यांना प्रश्न विचारले. ट्रक काट्यावरून निघाला की काय होतं? त्याला चिठ्ठी मिळते, तिच्यावर निघाल्याची वेळ असते. जेटीवर मुन्शी त्याच चिठ्ठीवर पोचल्याची वेळ लिहून सही करतो. अर्धी चिठ्ठी ट्रकवाल्याकडे राहते, अर्धी संध्याकाळी संघटनेकडे येते. वाटेत ट्रक बंद पडला तर? "मागीर हांव पोचपाच्या वेळार शून्य घालतां," काका म्हणाले. मग मी घरी येऊन वहीत लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. काका जे तीस वर्षं न सांगता करत आले ते यंत्राला एक एक पायरी करून सांगायचं, हे माझं काम. यंत्राला अक्कल नसते, त्याला कुणाचं तोंड ओळखू येत नाही, सांगितलं तेवढंच ते करतं. त्यात मी एक ओळ लिहिली. पोचल्याची वेळ निघाल्याच्या वेळेपेक्षा लहान असेल, तर तो ट्रक पोचला नाही असं समज. शून्य हे कुठल्याही वेळेपेक्षा लहानच. बंद पडलेले ट्रक बरोबर सापडायला लागले. बाबांच्या महिन्याभराच्या चिठ्ठ्या घालून मी तपासून पाहिलं, सगळं चोख आलं. मला माझा फार अभिमान वाटला.

आमच्या घरामागच्या खोल्यांत नारायणमामा राहायचे. नात्याने मामा नव्हेत, बेळगाव जिल्ह्यातले, पण मी शाळेत जायच्या आधीपासून सुर्ल्यात. बारा वर्षं दुसऱ्यांचे ट्रक चालवले आणि मग स्वतःचा एक जुना ट्रक घेतला. संघटनेने त्यांना घेतलं, पण कुरकुरत, कारण दामूशेटांच्या मते गावच्या खाणीवर गावच्याच ट्रकांनी चालायचं. सुशीलामामी ज्वारीच्या भाकऱ्या अशा थापायच्या की त्यांचा आवाज ऐकून मी आमच्या घरचं शीत टाकून तिकडे जायची. लहानपणी अर्धी जेवणं मी त्यांच्या चुलीपाशी जेवले. शेंगदाण्याची चटणी, कच्चा कांदा, आणि मामा गावाकडच्या बैलांच्या गोष्टी सांगायचे. आई रागवायची, मामी म्हणायच्या, "खाऊ दे की वहिनी, भाकरीला काय तोटा हाय?"

प्रोग्राम लागून तीन आठवडे झाले आणि यादी छापून बाहेर आली. एका ट्रकसमोर अकरा वेळा 'पोचला नाही' असं होतं. तो ट्रक नारायणमामांचा.

बंद पडलेला ट्रक गावाला दिसतो, त्याला ओढून आणावं लागतं. मामांचा ट्रक तर रोज चालत होता. मग काट्यावरून निघालेला माल जेटीवर पोचला नाही, तर गेला कुठे? उत्तर द्यायला कुणाला फार वेळ लागला नाही. वाटेत कुठेतरी उतरवला, विकला. चहाच्या गाड्यावर हे बोलणं दुपारपर्यंत पक्कं झालं आणि संध्याकाळपर्यंत त्यात माल घेणाऱ्याचं वर्णनही आलं. दामूशेटांनी मामांना बोलावून सांगितलं की रविवारी सभेत ठरेल, तोवर ट्रक उभा कर. संघटनेतून नाव कापलं तर त्या खाणीवरच नव्हे, आसपासच्या कुठल्याच खाणीवर त्यांचा ट्रक कुणी घेतला नसता. चोरीचा शिक्का बसलेला परगावचा माणूस सुर्ल्यात राहू शकला नसता.

मामा माझ्याकडे आले. पडवीत उभे राहिले, आत बोलावलं तरी आले नाहीत. हातात चिठ्ठ्यांचा जुडगा, दोऱ्याने बांधलेला.

"पोरी, तुझं यंत्र काय म्हणालंय ठाऊक हाय न्हवं? ह्या बघ चिठ्ठ्या. अकराच्या अकरा. मुन्शीची सही हाय, वेळ हाय. मी काय चोर दिसालोय व्हय?"

मी त्या चिठ्ठ्यांकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. हेही लिहायला हवं. मी म्हणाले, "मामा, कॉम्प्युटर खोटं सांगत नाही." हे मी म्हणाले. मशीन दाखवतं तेच खरं म्हणणाऱ्या ज्या लोकांवर मी आज एवढी चिडते, त्यांचं वाक्य त्या दिवशी माझ्याच तोंडात होतं. मामा जुडगा खिशात घालून गेले. त्या संध्याकाळी मागच्या खोलीतून भाकरी थापल्याचा आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी यादी घेऊन घरी बसले होते. चूक आपली असेल अशी शंका मला आली नव्हती, खरं सांगायचं तर मामांनी असं का केलं हे शोधायला मी बसले होते. रस्त्यावरचा आवाज थांबला, बाबा आले, विहिरीवर रहाट वाजला. आईने हाक मारली, "शीत वाडलां, यो." मी उठता उठता यादीवर नजर टाकली आणि तशीच खाली बसले. बारा चाळीस, एक वीस. बारा पस्तीस, एक दहा. बारा पन्नास, एक पंचवीस. अकराही फेऱ्या बारानंतर निघालेल्या आणि एकनंतर पोचलेल्या. काका चिठ्ठीवर असतं तसंच भरायचे, बारा चाळीस, एक वीस. माणसाला कळतं की हा एक दुपारचा. यंत्राला मी सांगितलं होतं की एक हा बारापेक्षा लहान, आणि लहान असेल तर पोचला नाही.

बाबांच्या महिन्याभराच्या चिठ्ठ्यांत हे दिसलं नव्हतं, कारण बाबांचा ट्रक एक वाजता कधी रस्त्यावर नसायचाच. गावातल्या कुणाचाच नसायचा. सगळे जेवायला घरी. एकटे नारायणमामा भाकरी फडक्यात बांधून न्यायचे, रिकाम्या रस्त्यावर एक खेप जास्तीची मारायचे आणि जेटीवरच्या रांगेत, ट्रकमध्ये बसून जेवायचे. हे मला ठाऊक होतं. ती भाकरी बांधताना मी मामींना शंभर वेळा पाहिलं होतं. प्रोग्राम लिहिताना ते माझ्या डोक्यात आलं नाही, कारण माझ्या डोक्यात दुपार म्हणजे आमच्या घरची दुपार होती.

रविवारी सकाळी संघटनेच्या खोलीत सभा भरली. चाळीसेक माणसं, बाई मी एकटी. मी उभी राहिले आणि जमेल तसं समजावून सांगितलं. फळ्यावर बारा चाळीस आणि एक वीस लिहून दाखवलं. म्हटलं, चूक मामांची नाही, माझी आहे, मी लिहिलेल्या एका ओळीची आहे. मला वाटलं होतं की लोक मला ओरडतील, कदाचित कामावरून काढतील. ते घडलं असतं तर मी ते आनंदाने सोसलं असतं. घडलं ते वेगळंच. दामूशेट हसले.

"गो बाय, तूं टायप करता. सांगता तो कॉम्प्युटर. कॉम्प्युटर फट मारिना." फट म्हणजे थाप; मामांना मी म्हटलं होतं तेच.

"पण त्याला सांगायचं काय ते मीच लिहिलंय!"

"तूं बरयतलें? हें सगळें बंगळूराक जाता, भितर घालून येता." खोलीत सगळे हसले. पेटीच्या आत बंगळूरहून कुणीतरी शहाणा भरून पाठवतो आणि सुर्ल्यातली पोरगी वरून बटणं दाबते, हे त्या चाळीस माणसांना अगदी पटलेलं होतं. मामांनी उठून चिठ्ठ्या पुढे केल्या. "हातान बरयल्लें कोणूय बरोवंक शकता," मागून कुणीतरी म्हणालं, "आनी तो मुन्शीय हाच्याच गांवचो." म्हणजे माणसाने शाईने लिहून सही केलेला कागद खोटा, आणि माझ्या चुकीतून निघालेला कागद खरा! मी चिडून काय काय बोलले ते आठवत नाही. एवढं आठवतं की मी फळ्यावर हात आपटला आणि खडू तुटला. शेवटी दामूशेट बाबांना म्हणाले, "रघू, चेडवाक घरा व्हर. तें थंयच जेवून व्हड जालां, ताका तशें दिसपाचेंच." मामांच्या घरी जेवले म्हणून मी त्यांची बाजू घेते, असा त्याचा अर्थ. निर्णय बुधवारवर गेला, तोही केवळ दोन सभासद आले नव्हते म्हणून, आणि तोवर मी कॉम्प्युटरला हात लावायचा नाही असं ठरलं.

बाबा वाटेत माझ्यापुढे भरभर चालत राहिले. मला वाटलं, त्यांना माझी लाज वाटली. घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "तो एक वाजपाचो मुद्दो परत सांग." मी अंगणात काडीने आकडे काढून सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, मग मान हलवली आणि आईला म्हणाले, "फाल्यां दनपारां माका जेवण नाका."

आई हातातलं भांडं घेऊन तशीच उभी राहिली. "जीव बरो ना काय कितें?"

सोमवारी सव्वाबारा वाजले, रस्ता गप्प झाला, दारोदार ट्रक उभे राहिले, पण आमच्या दारात ट्रक आला नाही. बाबा काट्यावर माल भरून थांबले होते. बारा चाळीसला त्यांनी मुद्दाम चिठ्ठी घेतली आणि एकटा ट्रक आमच्या पडवीसमोरून गेला. शेजारच्या काकू हात धुवायच्या सोडून बाहेर आल्या. काय झालं, कोण गेलं, सगळ्या घरांतून माना बाहेर. बाबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ रस्त्याकडे बघत गेले. एक वीसला जेटीवर पोचले. मुन्शीच्या हातून चिठ्ठीवर वेळ घेतली आणि तिथेच एका झाडाखाली बसून राहिले. संध्याकाळी मी विचारलं, काय खाल्लंत? म्हणाले, मुन्शीने अर्धी भाकरी दिली.

मंगळवारी संध्याकाळी काकांनी चिठ्ठ्या भरल्या, बुधवारी सकाळी यादी छापली. दामूशेटांनी ती हातात घेऊन मोठ्याने वाचायला सुरुवात केली, कारण त्यांना मोठ्याने वाचायला आवडायचं. बाबांच्या ट्रकपाशी आले आणि अडखळले. 'पोचला नाही.' बाबा दारातच उभे होते. रघूने माल विकला असं म्हणायची कुणाची छाती नव्हती, रघूचं घर पिढ्यान्पिढ्या सुर्ल्यातलं, रघूची बहीण दामूशेटांच्या चुलतभावाला दिलेली. बाबा एवढंच म्हणाले, "हांव पोचलों. तूं सांग दामू, हांव चोर काय?"

दामूशेटांनी यादी मेजावर ठेवली, चष्मा काढला, पुसला. मी वाट पाहत होते. आता तरी कुणीतरी म्हणेल की पोरगी रविवारी हेच सांगत होती. दामूशेट म्हणाले, "कॉम्प्युटर पिसो जाला."

बस. सगळ्यांना हायसं वाटलं. नारायणमामांचं नाव कापायचं राहिलं, ट्रक चालू करायला सांगितला, तेही गजाननकाकांनी जाऊन सांगितलं. माफी कुणी मागितली नाही. कॉम्प्युटर बिघडलाय तर त्याची माफी माणूस कशाला मागेल? आणि मग जे झालं ते मी आजही सांगते तेव्हा ऐकणाऱ्याला खोटं वाटतं. त्यांनी कॉम्प्युटर उचलला. गादीत गुंडाळून जीपमध्ये घातला आणि दुरुस्तीला डिचोलीला नेला. मी जीपच्या दारापाशी उभी राहून सांगत होते, अहो त्याला काही झालेलं नाही, एक ओळ बदलायची आहे, दहा मिनिटं द्या मला. कुणी ऐकलं नाही. डिचोलीच्या दुकानदाराने पेटी उघडली, आतली लाल धूळ फुंकून काढली, आणि चार दिवसांनी परत पाठवली. आल्यावर मी खोलीत एकटी असताना ती ओळ बदलली, काकांना वेळ चोवीस तासांच्या घड्याळाने भरायला शिकवलं, आणि यादी बरोबर यायला लागली. सगळा गाव म्हणाला, डिचोलीचा तो माणूस हुशार आहे बघा. माझ्या देखत म्हणाला. पुढे कितीतरी वर्षं कुणाचाही टीव्ही बिघडला की दामूशेट त्याच दुकानाचं नाव सांगायचे.

मला श्रेय हवं होतं म्हणून मी चिडले असं आई समजली. श्रेयाचं मला काही नव्हतं. मला माझी चूक हवी होती. ती चूक माझी होती, मी केली होती, आणि मी भर सभेत उभी राहून ती मागत होते. कधी बंगळूरला दिली, कधी धुळीला, पण मला कुणी दिली नाही. आज बँकेत, इस्पितळात, सरकारी कचेरीत कुणी खिडकीपलीकडून मला 'सिस्टीम असंच दाखवतेय' म्हणालं की मी तिथल्या तिथे भांडते, आणि माझ्या सुना माझा हात धरून मला बाहेर आणतात. त्या म्हणतात, आई, बिचाऱ्याचा काय दोष? मी म्हणते, कुणाचा तरी आहे. ते कुणीतरी बसून लिहिलंय. त्याला विचारा, तो कुठे जेवतो आणि कुणाला विसरला.

यादी नीट झाली त्या दिवशी दुपारी मी मागच्या खोलीवर गेले. मामा दारात बसून ट्रकची सीट शिवत होते. मामींनी मला पाट दिला, पाण्याचा तांब्या ठेवला, आणि चुलीकडे वळल्या. भाकरीचं विचारलं नाही. मी ठरवून आलेलं सगळं घडाघडा बोलून टाकलं. ती ओळ, एक वाजता, बारा वाजता, आता नीट झालंय, पुन्हा होणार नाही. मामांनी सुई थांबवली नाही.

"लोकं म्हणालीत, मशीन बिघडलं होतं," ते म्हणाले.

"नाही मामा. मशीन नीट होतं. चूक माझी होती."

"ते ठाऊक हाय मला." त्यांनी दोरा दाताने तोडला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "मशीन मला वळखत न्हवतं, पोरी. तू वळखत होतीस."